संगणकाचा पंखा कां कुरकुरतो?

विद्यार्थी-विद्यार्थिनींनो, फुलंब्रीसारख्या तालुक्याच्या गांवीं संगणक ही आतां नवलाची वस्तु राहिलेली नाहीं. २००१ सालीं महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालें, त्याच्या एम.एस.-सी.आय.टी. या अभ्यासक्रमानें संगणकाची ओळख तालुक्यातालुक्यांतून करून दिली. पुढें शाळा, बँका, पतपेढ्या, बी-बियाणांचीं दुकानें अशा सर्व ठिकाणीं मेजावरचा संगणक येऊन बसला, आणि मुलांच्या अभ्यासासाठीं तो कित्येक घरांतहि आला. परंतु यंत्र घरांत आलें म्हणजे त्याच्या खोडीहि मागोमाग येतात. त्यांतली सर्वांच्या परिचयाची खोड ही कीं, दोन-तीन वर्षें निमूटपणें चाललेला संगणक एके दिवशीं घरघरूं लागतो. मग कोणी त्याच्या पेटीवर थाप मारतो, कोणी कानाडोळा करतो, आणि एखादा उत्साही विद्यार्थी सुटीच्या दिवशीं पेचकस घेऊन बसतो. यांपैकीं पहिला उपाय व्यर्थ आहे, दुसरा नुकसानीचा आहे, आणि तिसरा प्रसंगीं जिवावर बेतणारा आहे. म्हणून हा आवाज कोठून येतो, तो काय सांगतो, आणि त्यावर आपण आपल्या हातांनीं कोठवर उपाय करावा, याचा थोडा सविस्तर विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पंखा कशासाठीं?

गणित करणाऱ्या यंत्राला पंखा कशाला, असा प्रश्न लहान मुलें विचारतात, आणि तो रास्त आहे. विजेवर चालणारें कोणतेंहि यंत्र घेतलेल्या विजेचा कांहीं भाग उष्णतेच्या रूपानें बाहेर टाकतें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं जो संगणक कार्यान्वित झाला आणि पुढें 'टिफ्रॅक' या नांवानें प्रसिद्धीस आला, त्यांत सुमारें २७०० निर्वात नलिका होत्या. प्रत्येक नलिकेंत एक तापलेली तार. तेव्हां तें यंत्र म्हणजे हिशेब करणारी भट्टीच म्हणावयास हरकत नाहीं. आजच्या संगणकांत नलिका नाहींत, पण उष्णतेपासून सुटका त्याचीहि झालेली नाहीं.

मेजाखालीं उभी असणारी जी मोठी पेटी, तिला बाजारांत 'कॅबिनेट' म्हणतात. तिच्या मागल्या बाजूस, जेथें विजेची जाड वायर लागते, तेथें आंत आणखी एक लहान लोखंडी पेटी बसविलेली असते. दुरुस्ती करणारे हिला 'एस.एम.पी.एस.' म्हणतात, आपण हिला वीजपेटी म्हणूं. भिंतींतून येणारी वीज २३० व्होल्टची व सेकंदास ५० वेळां उलटसुलट होणारी असते. संगणकाच्या नाजूक भागांस मात्र १२, ५ आणि ३.३ व्होल्टची एकाच दिशेनें वाहणारी वीज लागते. हा पालट करण्याचें काम ही वीजपेटी करते, आणि तें करतांना ती तापते.

किती तापते, हें एका सोप्या हिशेबानें कळेल. समजा, संगणकाच्या सर्व भागांस मिळून १५० वॅट शक्ति लागते, आणि वीजपेटीची कार्यक्षमता शेंकडा ७५ आहे. तर १५० ला ०.७५ नें भागावें. उत्तर २०० येतें. म्हणजे भिंतीकडून २०० वॅट घेतले, १५० कामीं लावले, आणि उरलेले ५० वॅट त्या वीतभर पेटींत उष्णता होऊन राहिले. कार्यक्षमता शेंकडा ९० असती तर सुमारें १७ वॅटच वायां गेले असते. यावरून चांगली वीजपेटी शांत कां असते, हेंहि ध्यानांत येईल: जी कमी तापते तिच्या पंख्याला कमी धांवावें लागतें. ही सांठणारी उष्णता बाहेर लोटण्यासाठींच वीजपेटींत १२ व्होल्टवर चालणारा एक पंखा बसविलेला असतो. जुन्या पेट्यांत तो बहुधा ८० मिलिमीटर व्यासाचा आणि पाठीमागें असतो. नव्या पेट्यांत बहुधा १२० मिलिमीटरचा व सपाट बाजूवर असतो. व्यास दीडपट झाला कीं क्षेत्र सव्वादोनपट होतें. म्हणून मोठा पंखा सावकाश फिरूनहि तितकीच हवा लोटूं शकतो. आणि सावकाश फिरण्याचा लाभ मोठा आहे. एकाच पंख्याची गति निम्मी केली तर त्याचा आवाज सुमारें १५ डेसिबलनीं उतरतो. १० डेसिबलनीं उतरलेला आवाजहि कानाला जवळजवळ निम्मा वाटतो.

तो कुरकुरूं कां लागतो?

बैलगाडी आपण सर्वांनीं पाहिली आहे. आंसाला वंगण असेपर्यंत चाक मुकाट्यानें फिरतें. वंगण सुकलें कीं तेंच चाक अर्ध्या कोसावरून आपली वर्दी देतें. संगणकाच्या पंख्याची गोष्ट याहून निराळी नाहीं. त्याचा बारीक आंस एका नळींत फिरतो व त्या नळींत तेलाचा अंश असतो. साध्या, स्वस्त पंख्यांत ही नुसती नळीच असते. महाग पंख्यांत तिच्या जागीं बारीक गोळ्यांचें बेअरिंग असतें. गाडीचें चाक दिवसांत कांहीं हजार वेळां फिरेल, पण हा पंखा मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेतो. तासन्‌तास असा फिरला आणि वर उष्णतेचा मारा झाला, म्हणजे तेल आटतें, नळी झिजते, आंस डगमगूं लागतो, आणि कुरकुर सुरू होते.

आपल्या भागांत याला आणखी दोन कारणें मिळतात. पहिलें धूळ. काळी जमीन, कच्चे रस्ते, मक्याच्या मळणीचे दिवस आणि कापसाचे तंतु यांच्यामुळें खिडकी उघडी असलेल्या खोलींत दिवसाकांठीं किती धूळ बसते, हें सकाळीं केर काढणाऱ्यास विचारावें. पंखा हवा ओढतो तेव्हां हवेबरोबर ही धूळहि ओढतो. ती पात्यांवर बसली कीं त्यांचा तोल बिघडतो. जाळीवर बसली कीं वाट अडते. आंतल्या भागांवर बसली कीं भर उन्हाळ्यांत घोंगडी पांघरावी तसें होतें. दुसरें कारण ऊन. वैशाखांत बाहेरचा पारा ४० अंशांच्या घरांत जातो, आणि पत्र्याच्या छपराखालीं तर दुपारीं बसवत नाहीं. पंख्याला हवा मिळते ती मुळांतच तापलेली. आजच्या बहुतेक वीजपेट्यांत पंख्याची गति उष्णतेप्रमाणें आपोआप वाढते. म्हणजे धूळ सांठली कीं पेटी तापते, तापली कीं पंखा अधिक वेगानें धांवतो, अधिक धांवला कीं अधिक धूळ ओढतो. असें हें रहाटगाडगें चालूच राहतें.

याचा परिणाम केवळ कानांनाच भोगावा लागतो असें नाहीं. वीजपेटींत वीज सांठविणारे जे कपॅसिटर असतात, त्यांचें आयुष्य उष्णता दर १० अंशांनीं वाढली कीं साधारणपणें निम्मे होतें, असा स्थूल नियम आहे. तेव्हां जो पंखा आज कुरकुरतो आणि उद्यां थांबतो, तो आपल्याबरोबर सबंध वीजपेटीला, आणि प्रसंगीं तिच्यावर अवलंबून असलेल्या भागांनाहि घेऊन जातो.

आधीं ऐकावें, मग ठरवावें

१८१६ सालीं पॅरिस येथील डॉक्टर रेने लाएनेक यांनीं एका रोग्याच्या छातीचे ठोके ऐकण्यासाठीं कागदाची गुंडाळी करून तिचें एक टोंक छातीवर व दुसरें आपल्या कानाशीं धरलें. आजच्या डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपचा जन्म तेथें झाला. हाच उपाय आपल्या कामास येतो. जाड कागदाची हातभर लांब नळी करावी. कॅबिनेटला हात न लावतां आणि तिचें झांकण न उघडतां नळीचें टोंक पाठीमागच्या जाळीसमोर, मग बाजूच्या जाळीसमोर, मग पुढें असें धरून ऐकावें. नळी जाळीच्या आंत घालूं नये. संगणकांत पंखे एकाहून अधिक असतात: एक वीजपेटींत, एक मुख्य चिपवर, आणि बहुधा एखादा कॅबिनेटलाहि. खरा गुन्हेगार कोण, हें नळीनें बहुतेक वेळां कळतें.

पुढें आवाजाची जात ओळखावी. एकसारखा 'सूं सूं' असा वाऱ्याचा आवाज येत असेल, तर पंखा चांगला आहे. त्याला फार धांवावें लागत आहे इतकेंच. अशा वेळीं धूळ किंवा अडलेली वाट शोधावी. घासल्यासारखी 'खर्र-खर्र' येत असेल, आणि विशेषतः हिवाळ्याच्या सकाळीं चालू करतांच मोठी होऊन कांहीं मिनिटांनीं कमी होत असेल, तर तेल आटलें आहे व नळी झिजत आहे. नियमित 'टक्-टक्' येत असेल, तर एखादी वायर किंवा कचरा पात्याला लागत असावा. सबंध कॅबिनेटच थरथरत असेल आणि टेबलावरून किंचित् हलवितांच आवाज पालटत असेल, तर एखादा स्क्रू सैल आहे किंवा पत्रा नीट बसलेला नाहीं. फार बारीक, किडा किणकिणावा तसा आवाज पंख्याचा नसतो. तो बहुधा तारेच्या वेटोळ्यांच्या सूक्ष्म कंपनाचा असतो आणि सहसा निरुपद्रवी असतो. मात्र जुन्या संगणकांत 'कट्-कट्' असा आवाज हार्डडिस्कमधून येत असेल, तर इतर सर्व कामें बाजूस ठेवून प्रथम आपल्या लेखनाची व छायाचित्रांची दुसरीकडे नक्कल करून घ्यावी.

आणि एक आवाज असा आहे कीं, तो नसण्यांतच धोका असतो. कित्येक दिवस कुरकुरणारा पंखा एकदम गप्प झाला, म्हणजे तो बरा झाला असें समजूं नये. तो थांबला असण्याचा संभव अधिक. कांहीं नव्या वीजपेट्यांत काम हलकें असतां पंखा मुद्दामच थांबतो हें खरें, पण तसें त्यांच्या माहितीपत्रकांत लिहिलेलें असतें. इतर पेट्यांच्या पाठीमागें हात धरून हवा लागत नसेल, किंवा जळल्याचा वास येत असेल, तर भिंतीवरचें बटन तत्काळ बंद करावें.

आपल्या हातचे उपाय

कोणतेंहि काम करण्यापूर्वीं संगणक रीतीनें बंद करावा, भिंतीवरचें बटन बंद करावें, आणि वायर भिंतींतून काढून ठेवावी. घरांत यू.पी.एस. असेल तर त्याच्यापासूनहि संगणक वेगळा करावा. भिंतीकडची वीज गेली तरी त्याच्या बॅटरींत वीज असतेच.

मग कॅबिनेट अंगणांत किंवा ओसरीवर न्यावें. घरांतच झटकलें तर धूळ पुन्हां तेथेंच बसते. कोरड्या, मऊ ब्रशानें बाहेरच्या जाळ्या साफ कराव्यात. त्यानंतर छायाचित्रकारांजवळ असतो तसा रबरी फुगा दाबून थोडी थोडी हवा मारावी. हवेचा जोराचा झोत पंख्यावर एकसारखा धरूं नये. पंखा भलत्या वेगानें फिरून त्याचें बेअरिंग बिघडतें. तोंडानें फुंकूं नये, कारण फुंकरीबरोबर ओलावा जातो. ओला फडका तर जवळहि आणूं नये.

दुसरा उपाय जागेचा. संगणक जमिनीवर न ठेवतां वीतभर उंच पाटावर ठेवावा आणि भिंतीपासून निदान वीतभर अंतर सोडावें. बंद कपाटांत किंवा पुस्तकांच्या ढिगांत त्याला कोंडूं नये. पुष्कळ घरांत आई किंवा ताई यांनीं हौसेनें भरतकाम केलेलें आवरण संगणकावर असतें. तें फार चांगलें. बंद असतांना धुळीपासून रक्षण करतें. परंतु संगणक चालू करण्यापूर्वीं तें काढून ठेवण्यास विसरूं नये.

तिसरा उपाय बाहेरच्या स्क्रूंचा. वायर काढलेली असतांना कॅबिनेटच्या बाजूच्या झांकणाचे सैल स्क्रू आंवळावेत. कित्येकदां इतक्यानेंच थरथर थांबते. हें काम विद्यार्थ्यानें घरांतलें मोठें माणूस जवळ असतांनाच करावें.

जेथें हात थांबवावा

आतां या लेखांतील सर्वांत महत्त्वाचा भाग. कॅबिनेटचें झांकण आणि आंतल्या वीजपेटीचें झांकण या दोहोंत मोठा भेद आहे. वीजपेटीचे स्क्रू दिसावयास तसेच असतात, आणि तोच पेचकस त्यांना लागतो. म्हणूनच फसगत होते. वीजपेटींत आलेली २३० व्होल्टची वीज प्रथम एकदिश केली जाते. २३० हें त्या विजेचें परिणामी मान होय. तिचें शिखर २३० गुणिले १.४१४, म्हणजे सुमारें ३२५ व्होल्ट असतें. तेवढ्या दाबाची वीज आंतल्या मोठ्या कपॅसिटरमध्यें सांठते. भिंतींतून वायर काढली म्हणजे ती तत्काळ नाहींशी होते, असें मुळींच नाहीं. ती हळूहळू उतरावी म्हणून पेटींत व्यवस्था केलेली असते. पण तीच व्यवस्था बिघडलेली असेल, तर बाहेरून तें ओळखण्याचा कोणताहि मार्ग नाहीं. विहिरीवरचा पंप बंद केला तरी टाकींत पाणी राहतें, तशी ही वीज राहते, आणि ती हाताला लागली तर जीव घेऊं शकते.

यास्तव आमचें स्पष्ट सांगणें असें आहे कीं, वीजपेटीचें झांकण विद्यार्थ्यानें उघडूं नये, पालकांनींहि उघडूं नये. जाळींतून पेचकस, सुई, तार किंवा तेलाची नळी आंत घालूं नये. 'संगणकाची वायर काढली आहे, मग काय होणार?' हें उत्तर या एका ठिकाणीं खोटें आहे.

पंख्यांत दोन थेंब तेल सोडलें कीं झालें, असें सांगणारेहि भेटतात. तें अगदींच चूक नाहीं. जाणता कारागीर सांठलेली वीज उतरली आहे याची मोजणी करून खात्री करतो, पंखा बाहेर काढतो, त्याच्या मध्यावरची चिठ्ठी उचलतो व शिवणयंत्राच्या तेलाचा एखादा थेंब आंत सोडतो. पण झिजलेली नळी तेलानें भरून येत नाहीं. थोड्या काळानें कुरकुर परत येते. खोबरेल तर कधींहि वापरूं नये. तें सुमारें २४ अंशांखालीं गोठूं लागतें, हें थंडीच्या दिवसांत न्हाणीघरांतल्या बाटलीवरून सर्वांस ठाऊक आहे. मार्गशीर्षांतल्या पहांटे गोठलेल्या खोबरेलांत पंखा फिरावा कसा?

तेव्हां कारागिराकडे जातांना दोन पर्याय विचारावेत. वीजपेटी नवी व चांगल्या प्रतीची असेल तर तिच्यांतला पंखा तेवढ्याच मापाचा, १२ व्होल्टचा आणि तितकीच हवा देणारा बसवून घ्यावा. शांत हवा म्हणून फार कमी हवा देणारा पंखा बसविला, तर आवाज जाईल आणि पेटीहि जाईल. वीजपेटी जुनी किंवा हलकी असेल, तर ती सबंध बदलणेंच शहाणपणाचें. नवी घेतांना तिची वॅटशक्ति, तिचें माप, तिच्या वायरींचीं टोंकें आणि तिची कार्यक्षमता या चार गोष्टी पाहाव्यात. केवळ स्वस्त म्हणून घेतलेली पेटी लवकर तापते आणि लवकरच कुरकुरूं लागते.

पालकांस विनंति

आपण मुलांच्या संगणकासाठीं पैसे साठवितां. त्यांतले थोडे घरच्या अर्थिंगसाठीं ठेवावेत. तीन टोंकांच्या प्लगचें तिसरें, जाड टोंक कोणी कापून टाकतात, किंवा भिंतींतलें छिद्र असतें पण त्यामागें तारच नसते. अशा घरीं कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागतांच झिणझिण्या येतात. त्या येत असतील, तर पंख्याची चिंता मागें ठेवून प्रथम वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्यावें. मूल पेचकस मागत असेल, तर त्याच्यावर रागावूं नये. यंत्राच्या आंत काय आहे हें जाणण्याची इच्छा चांगलीच आहे. त्याला दुरुस्तीच्या दुकानांत बरोबर न्यावें, कारागीर काम करीत असतां थोडें दूर उभें करून पाहूं द्यावें, आणि मनांतलें विचारूं द्यावें.

विद्यार्थ्यांस एक लहानसें काम सांगून आम्ही थांबतों. कागदाची नळी आजच तयार करा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं घरच्या किंवा शाळेच्या संगणकाचा आवाज ऐका, आणि वहींत तारीख, आवाजाची जात व त्या दिवशींची हवा या तीन गोष्टी लिहा. सहा महिन्यांनीं वही चाळून पाहिली, तर पंख्याची कुरकुर कोणत्या महिन्यांत सुरू झाली, धूळ काढल्यावर ती किती उतरली, आणि कारागिराला केव्हां बोलवावयास हवें होतें, हें तुमच्याच अक्षरांत तुमच्यासमोर असेल.